जिन्याखाली कमोड बसेल, पण आधी चेंबरचं झाकण उघडा

वाचकाचं पत्र

आमचं घर साखर पेठेत, जुनं. खाली तीन खोल्या, वर दोन. माणसं आठ: सासूबाई, आम्ही दोघं, दीर-जाऊ, कॉलेजला जाणारी दोन मुलं आणि शाळेतली पुतणी. संडास एकच, मागं परसात, इंडियन. ड्रेनेज महापालिकेच्या लाइनला जोडलेलं आहे. सकाळी सहा ते आठ रांग लागते. सासूबाईंना गुडघ्यांमुळं खाली बसता येत नाही, आणि रात्री परसात जायचं म्हणजे कुणीतरी सोबत लागतं. जिन्याखाली जागा आहे: रुंदी ३ फूट ४ इंच, लांबी साडेसहा फूट, उंच टोकाला सात फूट उंची आणि उतरत्या टोकाला अडीच. उतरतं टोक मागच्या भिंतीकडं आहे, तिथून परसातलं चेंबर साधारण २० फुटांवर. मिस्त्री म्हणतात, "शेजारीच मोरीचा अडीच इंची पाइप आहे, त्यालाच जोडून देतो." दीर म्हणतात, खाली कशाला, वरच करू. मुलं म्हणतात, नुसतं युरिनल लावा, रांग कमी होईल. शिवाय जिन्याखाली संडास वास्तूला चालत नाही असंही एकानं सांगितलं. काय करावं?

— एक वाचक, सोलापूर

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रात अडचणी दोन आहेत. सासूबाईंचे गुडघे ही एक आणि सकाळची रांग ही दुसरी. एकाच खोलीत दोन्ही बसवायला गेलात तर आजींना अडचण होईल आणि पुरुषमाणसांची डोकी जिन्याला आपटतील. म्हणून आमचं मत असं: जिन्याखाली कमोड, परसातल्या संडासाच्या बाहेरच्या भिंतीला युरिनल, आणि वरच्या मजल्यावर सध्या काहीच नाही. मोरीच्या पाइपाला मात्र काहीही जोडायचं नाही. तुमच्या मुलांची सूचना चांगली आहे, फक्त जागा वेगळी.

हे सगळं जमणार की नाही ते जिन्याखालची जागा ठरवत नाही, चेंबरची खोली ठरवते. त्यामुळं टाइलच्या दुकानात जाण्याआधी परसातल्या चेंबरचं झाकण उघडा. उघडून थोडा वेळ वारा लागू द्या, आत वाकू नका, जवळ काडी ओढू नका. खाली पाणी वाहायची पन्हळ दिसेल. त्या पन्हळीचा तळ आणि घरातली फरशी यांत किती इंचांचा फरक आहे ते आपल्याला हवं. त्यासाठी गवंड्याकडं असते तीच पाण्याची पारदर्शक नळी वापरा, तीसेक फूट. नळीत पाणी भरा, मध्ये हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक जिन्याजवळ भिंतीला धरा, दुसरं चेंबरशेजारी भिंतीला किंवा काठीला. दोन्हीकडं पाणी स्थिरावलं की खुणा करा. आता आतल्या खुणेपासून फरशीपर्यंतचं माप घ्या आणि बाहेरच्या खुणेपासून पन्हळीच्या तळापर्यंतचं. समजा आत ३६ इंच आलं आणि बाहेर ५८, तर तुमच्या हाती २२ इंच आहेत.

लागतात किती? चार इंची, म्हणजे ११० मिलिमीटरच्या पाइपाला ४० ला १ असा ढाळ द्यायचा. २० फूट म्हणजे २४० इंच, भागिले ४०, म्हणजे ६ इंच. कमोडखालचं बेंड आणि पाइपावरचं आच्छादन धरून सुरुवातीलाच फरशीखाली सुमारे ९ इंच जातात. एकूण १५. इंडियन पॅन बसवायचा तर पॅन आणि त्याखालचा ट्रॅप (वास अडवायला पाणी धरून ठेवणारं वळण) मिळून सुरुवातीलाच दीड फूट खोली खातात, म्हणजे एकूण २४ इंच. वरच्या उदाहरणातल्या २२ इंचांत कमोड आरामात बसतो आणि इंडियन बसत नाही. गुडघ्यांसाठी तुम्हाला कमोडच हवा आहे, हे बरंच झालं.

माप १५ च्या आत आलं तर ढाळ ६० ला १ पर्यंत कमी करता येतो, त्यात दोन इंच वाचतात. त्याहून कमी करू नका, घाण वाटेत बसायला लागते. एवढं करूनही बसत नसेल तर कमोडची जागा एक पायरी उचलावी लागेल, आणि ती पायरी सासूबाईंच्या गुडघ्यांना आणि जिन्याखालच्या उंचीला दोन्हीकडून महागात पडेल. मैला दळून वर ढकलणारा पंप मिळतो, तो आम्ही सुचवत नाही. वीज गेली की तो संडास बंद.

आता मोरीबद्दल. मिस्त्रींचा अडीच इंची पाइप ७५ मिलिमीटरचा असतो. कमोडचं तोंड चार इंची. मोठ्या तोंडातून आलेला मैला पुढं लहान पाइपात घालायचा म्हणजे तुंबण्याचं बयाणाच देऊन ठेवणं. दुसरी गोष्ट, फ्लश केल्यावर पाइप भरून धावणारं पाणी मागं हवा ओढतं आणि त्या ओढीनं मोरीच्या जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमधलं पाणी निघून जातं. तेच पाणी वास अडवत असतं. मग "नवा संडास केला आणि मोरीला वास यायला लागला" अशी तक्रार येते. तिसरी गोष्ट या दोन्हींपेक्षा वाईट. पेठांमधल्या जुन्या घरांत मोरीचं पाणी पुष्कळदा ड्रेनेजला जातच नाही, बोळातल्या उघड्या गटारात जातं. खात्री करायची असेल तर रंगपंचमीचा उरलेला रंग बादलीभर पाण्यात कालवून मोरीत ओता. एक माणूस चेंबरशी, एक बोळात उभा करा. रंग बोळात निघाला तर तुमचा मैला शेजाऱ्यांच्या दारातून वाहणार होता एवढं समजा. युरिनलचंही पाणी तिकडं सोडायचं नाही, ते मैलापाणीच.

जिन्याखालची मांडणी नीट बघू. साडेसहा फुटांत उंची साडेचार फुटांनी उतरते, म्हणजे दर फुटाला आठ इंचांहून थोडी जास्त. कमोडची पाठ उतरत्या बाजूला, तोंड उंच बाजूला. उंच टोकापासून साडेचार फुटांवर एक अर्धी भिंत घाला, चार इंची विटेची किंवा सिमेंट बोर्डाची. तिथं उंची चार फुटांना थोडी कमी भरते, फ्लशच्या टाकीला पुरेशी. कमोड साधारण २७ इंच लांब असतो, म्हणजे पुढं उभं राहायला तेवढीच, २७ इंच जागा उरते. बसल्यावर डोक्याच्या वर सहा-सात इंच मोकळे राहतात. कमोडच्या पुढच्या कडेशी उंची ५ फूट ५ इंच, दाराशी सात. सासूबाई, तुम्ही आणि पुतणी यांना चालेल. उंच माणूस बसू शकेल, पण कमोडसमोर उभं राहून लघवी करू शकणार नाही, वाकून उडवाउडवी होईल. युरिनल परसात हवं ते याचसाठी.

अर्ध्या भिंतीमागं उरलेले दोन फूट वाया जात नाहीत. ती तुमच्या पाइपांची जागा. पी ट्रॅपचा कमोड घ्या, ज्याचं तोंड मागं भिंतीकडं निघतं. त्याचा मध्य फरशीपासून १८० मिलिमीटरवर, साधारण सात इंचांवर असतो. पाइप अर्ध्या भिंतीतून मागं जातो, तिथं दरवाजावालं बेंड लावा, ज्याची झाकणी उघडून गज घालता येतो, आणि खाली वळून मागच्या भिंतीतून बाहेर. या कप्प्याला बाजूनं दीड बाय दीड फुटाचं छोटं दार ठेवा. एस ट्रॅपचा, म्हणजे तोंड खाली फरशीत उतरणारा, कमोड आधीच घरात आणून ठेवला असेल तर पाइपाचा मध्य भिंतीपासून किती दूर ते कमोडवरच ठरतं, ४, ९ की १२ इंच. आणि ते अंतर टाइल बसल्यानंतरच्या भिंतीपासून मोजायचं. गवंडी विटेपासून मोजतो, टाइल आणि मसाला मिळून इंचभर जातो, आणि मग कमोड भिंतीला टेकतही नाही आणि पाइपावर बसतही नाही.

दार बाहेर उघडणारं. आत माणूस घसरून पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. कडी अशी की बाहेरून नाण्यानं फिरवता येईल. दाराखाली पाऊण इंच फट, एक्झॉस्टला हवा तिथूनच मिळते.

पाइप घेताना त्यावरचा छापा वाचा. एसडब्ल्यूआर, म्हणजे मैला, सांडपाणी आणि पावसाचं पाणी वाहून नेणारा पाइप आयएस १३५९२ या भारतीय मानकाप्रमाणे दोन प्रकारांत येतो. टाइप ए हा पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेसाठी, टाइप बी हा मैल्यासाठी. ए पातळ आणि स्वस्त असतो, आणि "सगळं सारखंच" म्हणून तोच गळ्यात मारला जातो. दहा फुटी तीन नळ्या पुरतील, वीस फुटांच्या वाटेला दोन आणि वळणांना-तुकड्यांना एक. काटकोनी बेंडाऐवजी ४५ अंशांची दोन बेंडं घ्या. आडव्या पाइपाला जोड द्यायचा तर काटकोनी टी नको, तिरप्या फांदीचा वाय. रबर रिंगचा जोड करत असाल तर नळी पूर्ण आत ठोकून मग सुमारे १० मिलिमीटर मागं ओढायची, उन्हानं पाइप लांबतो त्याला जागा राहते. टोक कानसून उतरतं केलं नाही तर रिंग आत दुमडते आणि तो जोड पहिल्या दिवसापासून गळतो, फक्त दिसत नाही.

परसात काळी माती असेल तर इथं कंजुषी करू नका. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि त्या हालचालीत पाइपाचा ढाळ जातो, जोड उघडतात. चर चार इंच जास्त खोल खणा, खाली वाळू किंवा बारीक मुरूम घालून पाणी मारून चोपा, त्यावर पाइप, आणि पाइपाच्या वरही चार-सहा इंच तेच. खणलेली ढेकळं आणि विटांचे तुकडे थेट पाइपावर लोटू देऊ नका. मागच्या भिंतीतून पाइप काढताना जोत्याचे दगड घणानं हलवू नका. जुनं जोतं मातीत किंवा चुन्यात बांधलेलं असलं तर एक दगड निघाला की शेजारचे सैल होतात. कोअर कटिंगवाल्याला बोलवा, सहा इंची भोक पाडून घ्या, आणि पाइपाभोवती मोकळी जागा ठेवून ती लवचिक सीलंटनं भरा. सिमेंटनं पाइप भिंतीत गच्च बसवला तर भिंत खचेल तेव्हा पाइपही मोडेल.

एक धोका तुमच्या मिस्त्रींनी सांगितला नसावा. बोळातली मुख्य लाइन तुंबली की मैला उलटा येतो, आणि तो सगळ्यात खालच्या तोंडातून बाहेर पडतो. आजवर ते तोंड परसात होतं, आता तुम्ही घरात नवं तोंड करताय. पाण्याची नळी हातात आहे तोवर हेही मोजा: परसातल्या चेंबरचं झाकण घरातल्या फरशीपेक्षा खाली आहे ना? खाली असेल तर तुंबलेलं पाणी आधी परसात उतू जाईल, घर वाचेल. मग ते झाकण सिमेंटनं कायमचं लिंपू नका. पण बोळ वर आणि घर खाली असं झालं असेल, रस्त्यावर थरावर थर चढले की होतं, तर नव्या लाइनला चेंबरजवळ नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (उलटं पाणी अडवणारी झडप) लावाच, आणि तो उघडून साफ करता येईल असा. जुना संडास त्याच्या बाहेर राहू द्या.

जुन्या चेंबरला नवा पाइप जोडताना तो वाहत्या दिशेला तिरपा यावा, समोरासमोर नाही. पन्हळ अर्धगोल, बाजू उतरत्या आणि घोटीव. चौकोनी खड्डा तसाच ठेवला तर प्रत्येक फ्लशनंतर थोडं मागं राहतं. लाइनच्या वाटेत वळण असेल तर त्या वळणावर आतून दीड बाय दीड फुटाचं नवं चेंबर करा.

हवेचा पाइप विसरला जातो, कारण तो नसतानाही पहिले काही दिवस संडास चालतो. कमोडमागच्या कप्प्यातून ७५ मिलिमीटरचा पाइप वर काढून गच्चीच्या कठड्याच्या दोन फूट वर न्या, टोकाला जाळीची टोपी. वरच्या खोल्यांच्या खिडकीजवळ नको. एक्झॉस्टचा पंखा सहा इंची, त्याची नळी स्वतंत्र बाहेर. ती नळी या हवेच्या पाइपात सोडण्याची हुशारी काही जण करतात. मग पंखा बंद असताना ड्रेनेजची हवा पंख्यातून घरात उतरते. दिव्याचं-पंख्याचं बटण खोलीबाहेर, आणि त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच.

फरशी बाहेरच्या खोलीपेक्षा इंचभर खाली, खडबडीत मॅट टाइल, नहाणी ट्रॅपकडं अर्धा-पाऊण इंच उतार. ट्रॅपमध्ये किमान ५० मिलिमीटर पाणी उभं राहायला हवं. नुसती जाळी आणि वाटी असलेला उथळ ट्रॅप घेऊ नका. टाइलच्या आधी वॉटरप्रूफिंग करून ४८ तास पाणी साठवून ठेवा आणि भिंतीच्या पलीकडच्या बाजूला ओल येते का ते हात लावून बघा.

भिंत सामाईक असेल तर शेजाऱ्यांना काम सुरू होण्याआधी सांगा. त्यांच्या बाजूला कपाट असेल तर ओल महिनोन्महिने कळत नाही आणि कळते तेव्हा भांडण झालेलं असतं.

सासूबाईंसाठी आधाराचा दांडा हवाच. पण मातीत बांधलेल्या विटेच्या भिंतीत फास्टनर धरत नाही, चार-सहा महिन्यांत दांड्यासकट प्लास्टर हातात येतं, नेमकं त्यांनी भार टाकल्यावर. भिंतीच्या आरपार बोल्ट घेऊन पलीकडून लोखंडी पट्टी लावा, नाहीतर जमिनीवर उभा राहणारा दांडा बसवा. भिंत सामाईक असेल तर जमिनीचाच. उंची कॅटलॉगमधून ठरवू नका. त्यांना घरातल्या ज्या खुर्चीवरून सहज उठता येतं त्या खुर्चीवर बसवा, कोपर कुठं येतं तिथं खूण करा, तीच दांड्याची उंची. त्याच खुर्चीच्या बैठकीची उंची मोजा आणि कमोड निवडताना सीट धरून तेवढी येते का बघा. साधा कमोड सीटसकट १६-१७ इंच भरतो. त्यांना १८-१९ लागत असेल तर वर बसवायचा उंचवटा मिळतो. कमोडखाली सिमेंटचा लगदा भरून चिकटवू देऊ नका, स्क्रूनं बसवून कडेला सिलिकॉन. कमोड आणि पाइपाच्या जोडालाही रबरी कनेक्टर, सिमेंट नाही. सिमेंट भरलेला कमोड दुरुस्तीला काढायचा म्हणजे फोडायचा.

आता परसातलं युरिनल. हे सोपं काम आहे, पण स्वस्त म्हणून कसंही करतात. भांड्याची पुढची कड जमिनीपासून २४ इंचांवर. वर पत्रा, बाजूला तीन-चार फुटी आडोसा. बॉटल ट्रॅप, पुढं ६३ मिलिमीटरचा पाइप थेट चेंबरमध्ये, ४० ला १ ढाळानं, शक्य तितका आखूड. बोअरचं पाणी जड असतं; ते आणि लघवी मिळून पाइपात पिवळट दगड धरतो, आणि तो आधी वळणात धरतो. म्हणून प्रत्येक वळणावर उघडायचा प्लग हवा. पाण्यासाठी दाबायचा कॉक लावा. रोज एकदा बादलीभर पाणी जोरात ओता. आठवड्यातून एकदा किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, दोन मोठे चमचे लिटरभर गरम पाण्यात, रात्री ओतून सकाळी धुवा. डांबरगोळ्या टाकू नका, त्या वास झाकतात आणि झिजून लहान झाल्या की ट्रॅपमध्ये अडकतात. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकापाठोपाठ कधीही नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो. जिन्याखालच्या कोंदट खोलीत तर मुळीच नाही. युरिनलखालच्या फरशीवर पत्र्यावरचं पावसाचं पाणी येऊ देऊ नका, ते चेंबरमध्ये शिरलं की पहिल्या मोठ्या पावसात तुमचीच लाइन भरते.

पाण्याचा हिशेब करूनच टाकी ठरवा, कारण सोलापुरात नळ रोज येईल या भरवशावर फ्लश चालत नाही. आठ माणसं, दिवसाला प्रत्येकी एक मोठा फ्लश सहा लिटरचा आणि चार छोटे तीन लिटरचे, असे १८ लिटर धरले तर १४४ होतात. जुनी दहा लिटरची टाकी लावलीत तर तेवढ्याच वापराला ४००. चौघं पुरुष युरिनल वापरू लागले आणि दर वेळी लिटरभर पाणी सोडलं तर १४४ चे ११२ होतात. चार दिवसांचा साठा म्हणजे साधारण साडेचारशे लिटर. संडासासाठी ५०० लिटरची वेगळी टाकी ठेवा, तिला बोअरचं पाणी चालेल, फक्त तिचा पाइप पिण्याच्या पाइपाला कुठंही जोडलेला नसावा. मधल्या व्हॉल्व्हच्या भरवशावर तर नाहीच. बोअरच्या पाण्यानं फ्लशचा रबर वॉशर क्षार धरतो आणि टाकी थेंबथेंब गळत राहते. टाकीत चिमूटभर हळद टाका आणि पंधरा मिनिटं फ्लश करू नका. कमोडमध्ये पिवळं उतरलं तर वॉशर बदलायचा.

मे महिन्यात आठ-पंधरा दिवस गावाला गेलात तर ट्रॅपमधलं पाणी उडून जातं आणि परत आल्यावर घरभर ड्रेनेजचा वास असतो. निघताना नहाणी ट्रॅपमध्ये आणि युरिनलमध्ये पाणी भरून वर चमचाभर गोडं तेल सोडा, त्याच्या थरानं पाणी उडत नाही.

दिरांना वर का नको ते सांगतो. वर संडास करायचा तर पाइप लपवायला जमीन फूटभर उंच भरावी लागते. चार बाय पाच फुटांच्या खोलीत फूटभर विटांचा कोबा म्हणजे जवळजवळ एक टन वजन, वर माणसं आणि पाणी वेगळं. वरचा मजला लोखंडी गर्डर आणि शहाबादी फरशीवर असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरनं बघितल्याशिवाय हात लावू नका. गळती झाली तर गर्डर गंजतो आणि खालच्याला ते उशिरा दिसतं. आणि सासूबाईंचा प्रश्न तर वर सुटतच नाही. पुढं कधी करायचाच झाला तर मागच्या भिंतीलगत, पी ट्रॅपचा कमोड घेऊन, पाइप बाहेरून खाली. त्यासाठी आजच्या नव्या लाइनला बाहेर एक चार इंची वाय झाकण लावून ठेवा, म्हणजे परस पुन्हा खणायला नको.

वास्तूचं म्हणाल तर ज्याला त्याला आपला विश्वास. आम्ही एवढंच बघू की ती भिंत देवघराची आणि स्वयंपाकाच्या ओट्याची नाही ना, कारण ओल तिकडंच जाते. रात्री अंधारात परस ओलांडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा विचार वास्तुशास्त्र सांगणाऱ्यानंही करावा.

परवानगीचं थोडक्यात. स्वतःच्या हद्दीत, स्वतःच्या चालू चेंबरला जोडताय. तरी काम धरण्याआधी महापालिकेच्या तुमच्या विभागीय कार्यालयात कनिष्ठ अभियंत्यांना नकाशाचा कागद दाखवून विचारा आणि परवानाधारक प्लंबर घ्या. बोळातला रस्ता किंवा मुख्य लाइनचं मॅनहोल स्वतः फोडायचं नाही.

ज्या वाचकांकडं ड्रेनेज लाइन नाही, सेप्टिक टँक आहे, त्यांच्यासाठी एवढंच: दुसरा संडास केला म्हणून मैला वाढत नाही, माणसं वाढली तर वाढतो. मगाऐवजी फ्लश आला की पाणी मात्र वाढतं, आणि काळ्या मातीतला शोषखड्डा तेवढं जिरवत नाही. टँक उपसायला सक्शनची गाडीच बोलवा. संरक्षक साधनांशिवाय माणूस सफाईला आत उतरवणं मैलासफाई बंदीच्या २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि आतल्या वायूनं माणूस आवाज न काढता मरतो.

कामाचा क्रम असा लावा की जुना संडास एक दिवसापेक्षा जास्त बंद राहणार नाही. आधी चर आणि पाइप, मग जिन्याखालचं बांधकाम, मग कमोड, आणि चेंबरचा जोड सगळ्यात शेवटी. जोड करण्याआधी पाइपाचं खालचं टोक प्लगनं बंद करून वरपर्यंत पाणी भरा आणि अर्धा तास ठेवा. पातळी उतरली तर कुठला तरी जोड गळतोय, आणि तो चर उघडा असतानाच सापडतो. मग प्लग काढून चेंबरचा जोड करा, रंगीत पाण्याचा एक फ्लश सोडा आणि चेंबरशी बघा. रंग एका झटक्यात येऊन पाणी स्वच्छ व्हायला हवं. रंग रेंगाळत राहिला तर पाइप मध्ये कुठंतरी खाली बसून त्याला पोट पडलंय, तिथली वाळू पुन्हा भरून घ्या. चर बुजवण्याआधी पाइपाशेजारी टेप पसरून मोबाइलवर फोटो काढा, प्रत्येक जोड भिंतीपासून किती फुटांवर ते दिसेल असे. मिस्त्रींच्या मजुरीचा शेवटचा हप्ता या दोन चाचण्या झाल्यावर द्यायचा, हे काम ठरवतानाच बोलून घ्या.